पिकअपचं ॲव्हरेज १३ वरून १० वर आलंय, पंप-नोझल काढायला देऊ का?

मंडळी, मदत हवी आहे.

माझी २०१२ ची डिझेल पिकअप आहे, पावणेतीन लाख किलोमीटर झालेली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापुरात उतरवायची, हा धंदा. दोन खेपा म्हणजे इकडचं तिकडचं धरून ५३० किलोमीटर. मे महिन्यापर्यंत तेवढ्याला ४१ लिटर लागायचं, आता ५३ लागतंय. एकाच पंपावर टाकी फुल करून तीनदा मोजलंय, अंदाजपंचे बोलत नाही. दर दोन खेपांमागे हजारभर रुपये जादा जातात.

१ जूनला मासेमारी बंद झाली तशी गाडी घरामागे माडाखाली उभी केली, ती थेट ऑगस्टमध्ये काढली. तेव्हापासून हे सुरू आहे. आधी वाटलं, पाऊस, घाटातलं धुकं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जास्त चालते म्हणून असेल. पण पावसात गाडी काय आजच चालवतोय का?

ऑइल, डिझेल फिल्टर बदलून झाले. एअर फिल्टर झटकला तर चिरेखाणीतली असावी तशी लाल माती पडली, नवीन टाकला. फरक अर्ध्या लिटरचाही नाही. धूर काळा नाही. ओढ आहे, फक्त सोडल्यावर पूर्वीसारखी लांबवर घरंगळत नाही, जड वाटते. मेस्त्री म्हणतो पंप-नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल ढकलणारा पंप आणि ते फवारणारे नोझल, काढून कॅलिब्रेशनला (मोजमाप करून जुळवायला) पाठवू, १५ हजार धरून चाला. एक जण टाकीत ओतायची बाटली घे म्हणतो, दुसरा डिझेलच्या पाइपला लोहचुंबक लाव म्हणतो. चुंबकवाल्याला चहा पाजून वाटेला लावला.

१५ हजार घालावेत का?

प्रतिसाद
काळा धूर नाही, ओढ आहे, मग नोझलला कशाला हात लावता? ते बिघडलं तर धूर, ठोके, सकाळी स्टार्टिंगचा त्रास, काहीतरी दिसतंच. टायरची हवा बघा, तीही सकाळी टायर थंड असताना. आणि ४५ ते ५५ च्या वेगात चालवा, पीसीआरएवाले (इंधन वाचवा सांगणारी सरकारी संस्था) तेच सांगतात.

धागाकर्ता
मागची हवा कमी होती, भरली. पण ४५ ने गेलो तर बाजार उठल्यावर पोचेन आणि बांगडे घरी आणून आठवडाभर खावे लागतील. घाट उतरताना न्यूट्रल टाकतो, तेवढंच वाचतं.

प्रतिसाद
दादा, ते पहिलं बंद करा. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर पीत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर, ते तापून हात दाखवायची भीती. वाचत काहीच नाही.

आता मला सांगा, दोन महिने उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला होतात का? घरंगळत नाही म्हणालात म्हणून विचारतो. तुमच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी गळतं ते मागच्या चाकांवरच. त्यावर पूर्ण पावसाळा. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला आतून लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) चिकटतात, केबल आतल्या आत गंजते, मग हँडब्रेक खाली केला तरी तो सुटत नाही. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर होता होईल तो ब्रेक न मारता चालवा आणि उतरून चारही चाकांजवळ हात धरा. लावू नका, भाजेल. एखादं जास्त तापलेलं सापडलं तर जॅक लावून हाताने फिरवून बघा.

धागाकर्ता (चार दिवसांनी)
ओढलेलाच होता. मागचं डावं चाक जॅकवर घेतलं तर अर्धा फेराही फिरेना. ड्रम हातोडीने ठोकून ठोकून काढावा लागला. आत गंजाचा भुगा, लायनर घासून काचेसारखा गुळगुळीत आणि व्हील सिलेंडरचा, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणारा, पिस्टन हलायचं नाव घेईना. उजवीकडे जरा बरं. दोन्ही सिलेंडर, लायनर, हँडब्रेकची केबल, मजुरी, सगळं पाच हजारांच्या आत. परवाच्या दोन खेपांना ४४ लिटर लागलं. १३ नाही, पण १२ आलं. पंप-नोझल तूर्त राहू दे.

पुढच्या बंदीत उभी कशी करू?

प्रतिसाद
हँडब्रेक खाली, पहिला गिअर टाकून, चाकांना पुढून-मागून चिरे लावून. शेवटच्या खेपेनंतर मागची चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा, पण धुतल्या धुतल्या उभी करू नका. गावात एक फेरी मारा, मध्येमध्ये ब्रेक दाबा, म्हणजे ड्रम सुकतील. मधून पंधरा दिवसांनी थोडी पुढे-मागे केलीत तर उत्तमच.

आणि माडाखाली नको हो. नारळ पडला तर काचेचा खर्च वेगळा.