अमेरिकेतले आयर्नवर्कर : धोक्याचे पैसे खरंच मिळतात का?

तुळई (धागाकर्ता)

करिअरवरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेत पोलादी सांगाडा उभारणारा आयर्नवर्कर डिग्रीशिवाय इंजिनियरइतकं कमावतो. धोका आहे, पण त्याचे पैसे मिळतात." हे दुसरं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. शिकागोच्या आसपास आठ वर्षं मी साइट इंजिनियर होतो. ही माणसं रोज डोळ्यांसमोर होती.

काम कसं चालतं ते आधी सांगतो. क्रेन तुळई वर आणते. दोन खांबांवर दोन कनेक्टर, म्हणजे तुळई जोडणारे कामगार, पायांनी खांब कवटाळून बसलेले असतात. तुळई वाऱ्यावर गरगरत येते, खालचा माणूस दोरीने तिला आवरतो. भोकं एकदम कधीच जुळत नाहीत. मग कनेक्टर पान्याचं निमुळतं शेपूट भोकात खुपसतो, अंगाचा जोर लावून तुळई ओढून घेतो आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या भोकात बोल्ट सारतो. प्रत्येक सांध्याला किमान दोन बोल्ट आवळल्याशिवाय क्रेनची दोरी सोडायची नाही, असा नियम आहे. दोरी सुटली की तो त्याच तुळईवरून पुढच्या खांबाकडे निघतो. वीतभर रुंदीचा रस्ता.

२०२१ साली या कामात लाख पूर्णवेळ कामगारांमागे ३६ मृत्यू झाले. सगळ्या व्यवसायांची सरासरी होती ३.६. धोका दहापट. आणि वर्षाची कमाई? मधला आकडा ६० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी.

लोक ताशी दर ऐकतात आणि ४० तास गुणिले ५२ आठवडे करून मोकळे होतात. वारा वाढला, घरी. बर्फ पडला, घरी. कारखान्यातून पोलाद उशिरा आलं, घरी. सांगाडा उभा राहिला की टोळीच मोडते. एका फेब्रुवारीत आमच्या साइटवर टोळीला नऊ दिवस काम मिळालं. मला मात्र पूर्ण महिन्याचा पगार झाला. त्यांच्या मुकादमाने मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रोखठोक

असहमत. हिशोब अर्धाच मांडलाय तुम्ही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या नोकऱ्यांचा मधला पगार ४८ हजारांच्या आसपास होता. म्हणजे तुमचा आयर्नवर्कर त्याच्या बराच वर आहे. हातात फक्त शाळेचा दाखला. अप्रेंटिसशिप तीन-चार वर्षांची, पहिल्या दिवसापासून पगारी. सुरुवात साधारण पूर्ण कारागिराच्या निम्म्या दराने आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढ. कॉलेजचं कर्ज शून्य. त्याच वयाचा पदवीधर तोवर हप्ते मोजत असतो.

दुसरं म्हणजे त्या मधल्या आकड्यात युनियनवाले आणि युनियनबाहेरचे एकत्र आहेत. मोठ्या शहरातल्या युनियनच्या माणसाचा दर वेगळाच असतो. शिवाय पेन्शन आणि आरोग्य विम्याचे पैसे ठेकेदार ताशी दराच्या वर भरतो, ते तुमच्या ६० हजारांत नाहीत. सरकारी कामावर १९३१ पासून डेव्हिस-बेकन कायदा आहे, त्या भागात चालणाऱ्या दरापेक्षा कमी देताच येत नाही. शारीरिक कष्टाच्या कामाला एवढं संरक्षण जगात किती ठिकाणी मिळतं?

तुळई

रोखठोक, पेन्शन आणि विमा ताशी भरला जातो हे तुम्हीच लिहिलंत. मग तास नाहीत तर भरणाही नाही! ठराविक काळात ठराविक तास भरले नाहीत तर विमा बंद पडतो. म्हणजे हिवाळ्यात काम गेलं की पगार, विमा आणि पेन्शन, तिन्हींना एकदम कात्री लागते. मी संरक्षण नाही म्हणत नाही. ते तासांवर लटकलेलं आहे एवढंच म्हणतोय.

उंबरठा

तुम्ही दोघं किती मिळतं यावर भांडताय. मला विचारायचंय, मिळतं कुणाला?

१८९६ साली पिट्सबर्गमध्ये आयर्नवर्करांची ही युनियन स्थापन झाली. पुढची कित्येक दशकं आत शिरायचा रस्ता म्हणजे बाप, काका नाहीतर मेहुणा. कृष्णवर्णीय कामगारांना दार बंदच. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारच्या कामगार खात्याने, आर्थर फ्लेचर यांच्या पुढाकाराने, फिलाडेल्फिया योजना आणली. तीत सरकारी पैशांच्या बांधकामावर अल्पसंख्याकांच्या भरतीची उद्दिष्टं सहा धंद्यांना घालून दिली होती. त्या सहांत आयर्नवर्कर होते. उगाच नव्हते.

बायकांचं तर विचारूच नका. १९७८ साली सरकारी बांधकामांवर एकूण तासांपैकी ६.९ टक्के काम स्त्रियांकडून व्हावं असं उद्दिष्ट ठरलं. किती माफक! आज चार दशकं उलटून गेल्यावर अमेरिकेत बांधकामाच्या हातकामात स्त्रिया शंभरात चारच्या आसपास आहेत. ज्या आदेशाच्या आधाराने ही उद्दिष्टं उभी होती तो राष्ट्राध्यक्षांचा १९६५ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्दही झाला. मला याचा संताप येतो. दर चांगला आहे म्हणूनच दार घट्ट लावून घेतलंय.

जुनी वाट

उंबरठा, संताप समजतो, पण नात्यागोत्यातून भरती म्हणजे निव्वळ वशिला असं मी म्हणणार नाही. शंभर फूट उंचीवर समोरचा कनेक्टर कोण आहे यावर तुमचा जीव अवलंबून असतो. ओळखीच्या माणसाला टोळीत घेण्यामागे हेही कारण आहे.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या काहनवाके गावचे मोहॉक आदिवासी बघा. १८८६ मध्ये रेल्वेचा पूल त्यांच्या जमिनीवरून जायचा होता, त्या बदल्यात गावातल्या लोकांना कामावर घ्यायचं ठरलं. तिथून पिढ्यान् पिढ्या हा धंदा त्यांच्या घरांत आला. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर ते होते, ब्रुकलिनमध्ये त्यांची स्वतःची वस्ती होती. अल्पसंख्याकांना याच धंद्याने मान आणि पैसा दिला, हेही लिहा की. उंचीची भीती नसणं ही त्यांना जन्मजात देणगी होती.

उंबरठा

शेवटचं वाक्य कृपया मागे घ्या. जन्मजात वगैरे काही नसतं. भीती त्यांनाही वाटते, ती काबूत ठेवायला ते शिकले, कारण हातात दुसरं एवढ्या पैशाचं काम नव्हतं. "यांना भीतीच नसते" असं म्हटलं की सुरक्षेवर खर्च न करायला ठेकेदाराला कारण मिळतं.

आणि काहनवाकेची गोष्ट पूर्ण सांगा. २९ ऑगस्ट १९०७ ला क्यूबेकचा पूल बांधता बांधताच कोसळला. ७५ माणसं गेली, त्यांतली ३३ त्या एका गावची. त्यानंतर गावातल्या बायकांनी आग्रह धरला की सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी पांगायचं. एकाच गोतातली टोळी जीव वाचवते म्हणता? त्या दिवशी घरंच्या घरं गेली.

जुनी वाट

'जन्मजात' हा शब्द मागे घेतो. चूक झाली. पण तो पूल आराखड्यातल्या चुकीने पडला, टोळीच्या रचनेमुळे नाही. विश्वासाचा मुद्दा कायम आहे.

सांधा

मी दोन वर्षं सेफ्टीवर होतो, म्हणून धोक्याबद्दल थोडं.

अमेरिकेत इतर बांधकामावर ६ फुटांच्या वर पडण्यापासून संरक्षण सक्तीचं आहे. पोलाद उभारणीला २००१ च्या नियमाने १५ फुटांची मर्यादा दिली. कनेक्टरला तर १५ ते ३० फुटांच्या दरम्यान बेल्ट द्यायचा, पण हुक अडकवणं सक्तीचं नाही. हा नियम ठरवणाऱ्या समितीत मालक होते तशी युनियनही होती. कनेक्टरांचं म्हणणं, तुळई अंगावर आली तर बाजूला सरकता आलं पाहिजे, बांधलेला माणूस कुठे पळणार? म्हणणं खोटं नाही. तरी आज कित्येक मोठे ठेकेदार ६ फुटांपासून सगळ्यांना हुक लावायला लावतात आणि काम होतंच.

तुळईंना सांगतो, धोका जास्त म्हणून पगार वाढवा हे मला घातक वाटतं. धोका कमी करा. जिवाचा दर ठरला की मालक तो देतो आणि सुटतो.

रोखठोक

सांधा, पूर्ण सहमत. आणि उंबरठा, युनियन बदलत नाही असं नाही. २०१७ मध्ये याच युनियनने पगारी बाळंतपणाची रजा आणली. गरोदरपणात काम करणं शक्य नसेल तर प्रसूतीआधी सहा महिन्यांपर्यंत, नंतर सहा ते आठ आठवडे. बांधकामाच्या धंद्यात हे आधी कुणी केलं नव्हतं.

उंबरठा

ते चांगलंच झालं, मनापासून म्हणते. पण रजा आत आलेल्या बाईला मिळते. आत येणाऱ्या शंभरात चार असतील तर रजा किती जणींच्या वाट्याला? आणखी एक, सळया बांधणाऱ्यांचं काय? काँक्रीटसाठी दिवसभर कमरेत वाकून सळई बांधणारे हेही आयर्नवर्करच, युनियन तीच, पण त्यांचा मधला पगार सांगाडावाल्यांपेक्षा कमी. त्या कामावर बाहेरच्या देशांतून आलेले लोक पुष्कळ. वर दिसणाऱ्याचा फोटो निघतो, खाली वाकलेल्याचा नाही.

तुळई

सळईवाले माझ्याकडून सुटले, खरं आहे. सांधा यांचाही मुद्दा मान्य, धोक्याला भाव लावायचा माझा सूर चुकला. तासांवर मात्र मी ठाम आहे.

नवा गडी

सगळं वाचलं. माझा भाचा तिकडेच वाढलाय, वय १९, अप्रेंटिसशिपचा अर्ज भरायच्या बेतात आहे. त्याला काय सांगू?

तुळई

त्याला म्हणावं, अर्ज भरण्याआधी त्या युनियनच्या हॉलमध्ये जा आणि दोन गोष्टी विचार. गेल्या वर्षी इथल्या कारागिराचे सरासरी किती तास भरले, आणि आज कामाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत किती नावं आहेत. ताशी दर भिंतीवर लावलेला असतोच.