मदत हवी आहे: एमजीबी, अल्फा स्पायडर की टीआर६? (रविवारपर्यंत ठरवायचंय)

ढगाखालचा (धागाकर्ता), बुधवार रात्री ११.४०
नमस्कार मंडळी. उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय. तीन गाड्यांवर आलोय आणि आठवडाभर तिथंच रुतलोय. एमजीबी, १९७२ची, क्रोम बंपर, ओव्हरड्राइव्ह (गिअरवर चढणारा जादा टप्पा), ११,५००. अल्फा रोमिओ स्पायडर, १९८८ची, लाल, १३,०००. ट्रायम्फ टीआर६, १९७३ची, १६,०००. ही शेवटची बजेटच्या हजारभर वर जाते, पण तिचा आवाज ऐकलात तर समजून घ्याल. अल्फावाला म्हणतो रविवार संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. कोणती घेऊ? 'शेवटी आवड तुमची' हे कृपया लिहू नका. आवड तिन्हींची आहे, म्हणून तर विचारतोय.

सिंहगडकर, बुधवार रात्री ११.५५
११,५०० काय? रुपये असतील तर तिन्ही घ्या आणि एक मला द्या. राहता कुठं ते लिहा आधी. पुण्यात टप उघडून कात्रज चढलात तर घरी पोचेपर्यंत भूत व्हाल.

ढगाखालचा, गुरुवार सकाळी ६.१०
पौंड हो. इंग्लंडात, डर्बीला असतो. आयडीवरून कळेल वाटलं.

नटबोल्ट, गुरुवार सकाळी ८.२०
माझ्याकडे एमजीबी बारा वर्षं आहे, त्यामुळे मत एकतर्फी समजा. आधी काही प्रश्न. गॅरेज आहे की गाडी रस्त्यावर भिजणार? उंची किती? स्वतः हात काळे करणार की प्रत्येक वेळी मेकॅनिक? तिन्हींपैकी एकीच्या तरी खाली जाऊन पाहिलंत का?

एमजीबीबद्दल एवढंच की इंजिनाची काळजी करू नका. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, सगळं हाताला येतं आणि झाडून सगळे पार्ट मिळतात. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनली, जीटी (बंद टपाची एमजीबी) धरून पाच लाखांच्या वर. विटनीला अख्खी नवी बॉडी मिळते अजून! पण हिला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही. टप नसलेल्या गाडीचा सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो, आणि सिल सडतात आतून बाहेर. वरून चकाचक दिसणाऱ्या सिलवर नुसतं कव्हर ठोकलेलं असतं कित्येकदा. चुंबक घेऊन जा. चिकटला नाही तर आत लांबी (पुट्टी) भरलीय. मग जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून बघा. दार अडकलं तर नमस्कार करून निघा, चहा पण घेऊ नका.

वेबर_दोन, गुरुवार सकाळी ९.०५
एमजीबीची तारीफ वाचून डोळे पाणावले. पण पार्ट मिळतात म्हणून गाडी घ्यायची म्हणजे डॉक्टर जवळ आहे म्हणून आजारी पडायचं. अल्फाचं इंजिन बघा: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. हे सगळं १९६६ सालापासून! तेव्हा एमजीबीत चार गिअर आणि मागे ड्रम होते. आणि ते शेवटपर्यंत तसेच राहिले.

नटबोल्ट, गुरुवार सकाळी ९.३०
ओव्हरड्राइव्ह तिसऱ्यावर आणि चौथ्यावर दोन्हीकडे लागतो, म्हणजे झाले सहा. मोजता येत असेल तर.

काकडीची_कोशिंबीर, गुरुवार सकाळी १०.००
माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९पासून हाच प्रश्न सुटलेला आहे. टप हातानं दोन क्लिपा काढून मागे टाकला की झालं, थंडीत एका सेल्फला सुरू, तेल गळत नाही. आणि उरलेल्या पैशात भारताची दोन तिकिटं.

वेबर_दोन, गुरुवार सकाळी १०.०४
धागा युरोपियन गाड्यांचा आहे.

काकडीची_कोशिंबीर, गुरुवार सकाळी १०.०६
ती लोटस एलाननं वेडावलेल्या माणसांनीच बनवली. युरोपियनच समजा, फक्त चालणारी.

ढगाखालचा, गुरुवार दुपारी १.१५
माझदा नको, ती ऑफिसातल्या तिघांकडे आहे. नटबोल्ट, गॅरेज आहे (सध्या आत दोन सायकली, ट्रेडमिल आणि सासूबाईंच्या तीन बॅगा). उंची सहा फूट दोन इंच. हात काळे करायची हौस आहे, अनुभव नाही. खाली गेलेलो नाही, फोटोंवरच चाललंय. पण माझा प्रश्न 'कोणती' हा आहे, 'कशी तपासायची' हा नाही.

नटबोल्ट, गुरुवार दुपारी १.२२
प्रश्न एकच आहे. खाली गेल्यावर कळेल.

टपावरचा, गुरुवार दुपारी २.४०
टीआर६ कडे कुणी बघणार की नाही? २४९८ सीसी, सरळ सहा सिलिंडर. या दोघींना मांजर म्हटलं तर ही वाघीण. वेगळी चेसिस असल्यानं बॉडी सडली तरी गाडीची घडी राहते; फक्त मागे डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा) आणि ट्रेलिंग आर्म (चाक धरणारे हात) जिथं बोल्ट होतात तिथं चेसिसला टॉर्च मारून चिरा बघा. आता सांगा, इंजिनाला पेट्रोल इंजेक्शननं जातं की कार्ब्युरेटरनं? बहुतेक टीआर६ अमेरिकेला गेल्या आणि तिकडच्या सगळ्या कार्ब्युरेटरच्या. परत आणून स्टिअरिंग उजवीकडे केलेल्या पुष्कळ फिरतात. आणि चेसिस नंबर सीपीनं सुरू होतो की सीआरनं?

ढगाखालचा, गुरुवार दुपारी ३.०५
इंजेक्शन. सीआर. विकणारा १५० हॉर्सपॉवर सांगतोय.

टपावरचा, गुरुवार दुपारी ३.११
१५० सीपीची. सीआरला कॅमशाफ्ट मवाळ केला, १२५च्या आसपास. मोजण्याची पद्धत बदलल्याचाही भाग आहे त्यात, पण विकणाऱ्यानं १५० म्हणू नये. किंमत उतरवायला हे वापरा. पेट्रोल पंप जुनाच आहे का तेही विचारा. त्याची मोटर मुळात वायपरच्या मोटरवरून घेतलेली. उन्हाळ्यात टाकी निम्म्यावर आली की तापतो आणि गाडी मोटरवेवर रुसते. जाणते लोक बॉशचा बसवतात.

अप्पा_मिरज, गुरुवार संध्याकाळी ७.३०
ट्रायम्फ म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या काकांची स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. ती ट्रायम्फच हो मुळात! बोनेट म्हणजे सगळं तोंडच पुढे उलटायचं, दोन्ही चाकं उघडी पडायची आणि आम्ही पोरं टायरवर बसून इंजिनात पाय सोडायचो. कोल्हापूरला जाताना मागचं स्प्रिंगपान तुटलं, तेव्हा लोहारानं बैलगाडीचं पान कापून बसवलं. गेलो, आलो! तेव्हा मला विचाराल तर ट्रायम्फ.

नटबोल्ट, गुरुवार संध्याकाळी ७.५०
अप्पा, हेराल्डच्या चेसिसवर ट्रायम्फचीच स्पिटफायर उभी राहिली, टीआर६ नाही. नात्यातच लावायचं तर एमजीबी आपली जास्त जवळची. तिचं इंजिन बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज, आणि आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. टॅपेट भरायला (व्हॉल्व्हची फट जुळवायला) शिकायचं असेल तर कोपऱ्यावरचा कुठलाही म्हातारा टॅक्सीवाला शिकवेल.

वेबर_दोन, गुरुवार संध्याकाळी ७.५५
म्हणजे साडेअकरा हजार पौंड देऊन धागाकर्त्यानं अँबॅसिडर घ्यायची. आता कळलं ती तशी का चालते.

अप्पा_मिरज, गुरुवार रात्री ८.०२
अँबॅसिडरला नावं ठेवू नका. नऊ माणसं आणि गणपती एका फेरीत आणलाय.

सिंहगडकर, गुरुवार रात्री ९.१५
पुढेमागे गाडी पुण्याला न्यायचा विचार असेल तर सांगून ठेवतो. भारतात व्हिंटेज म्हणून नोंदवायला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते. २०२१च्या नियमांनुसार नंबरात 'व्हीए' येतं आणि रोज बाजारात न्यायची परवानगी नसते. शिवाय ड्युटी जी काय लागेल त्यात दुसरी गाडी येईल. अल्फा तर या हिशोबात बसतच नाही.

ढगाखालचा, गुरुवार रात्री ९.२०
पुण्याला न्यायची नाहीये. कुणी विचारलंय?

मिडलँडमावशी, शुक्रवार सकाळी ७.४५
अरे बाळा, सगळे इंजिनं मोजतायत, पण तू जाणार कुठं या गाडीनं? रविवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये फिरून कांदाभजी खाऊन परत, की आणखी काही? लंडनला जाणं-येणं आहे का?

ढगाखालचा, शुक्रवार सकाळी ८.३०
फिरायलाच मुख्यतः. बहीण हॅरोला असते, महिन्यातून एक वीकेंड तिकडे. याच गाडीनं जायचं डोक्यात आहे, ती दोन वर्षं चिडवतेय. का?

मिडलँडमावशी, शुक्रवार सकाळी ८.४१
हे पहिल्या दिवशी लिहायचं ना! ऑगस्ट २०२३पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचे पैसे लावणारा पट्टा) सगळ्या लंडनभर आहे, हॅरो धरून. चाळीस वर्षं उलटून 'हिस्टॉरिक' वर्गात गेलेल्या गाडीला माफ. एमजीबी आणि टीआर६ फुकट, रोड टॅक्सही शून्य, एमओटीची (दरवर्षीच्या फिटनेस तपासणीची) सक्ती नाही (तरी करून घे, कुणीतरी खालून बघतं त्या निमित्तानं). १९८८ची अल्फा मात्र चालवशील त्या दिवसाचे साडेबारा पौंड. ती त्या वर्गात जायला एप्रिल २०२९ उजाडेल. शनिवार-रविवार धरले तर वर्षाचे तीनशे झाले. आणि तिघींपैकी कुठलीही घेतलीस तरी ई५ (कमी इथेनॉलचं) पेट्रोल भर, महागडं ९७ ऑक्टेनचं. साध्या ९५मध्ये २०२१पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप खातं.

वेबर_दोन, शुक्रवार सकाळी ९.००
तीनशे पौंडांत प्रेम तोलू नये. हॅरोला रेल्वे जाते.

नटबोल्ट, शुक्रवार सकाळी ९.१०
आणि सहा फूट दोन इंच? अल्फात हात लांब आणि पाय आखूड असणारा माणूस बसतो. वर ती डाव्या स्टिअरिंगची असणार. आहे ना? ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याला विचारावं लागेल, 'येतंय का कुणी?'

ढगाखालचा, शुक्रवार सकाळी ९.१८
हो, डाव्या. कॅलिफोर्नियातून आलीय. लिहायचं राहिलं.

टपावरचा, शुक्रवार सकाळी ९.२०
कॅलिफोर्निया!! हे 'राहिलं'? हिवाळ्यात मीठ टाकलेला, पत्रा गंजवणारा रस्ता तिनं बघितलाच नाही म्हणजे. टीआरचा माणूस असून सांगतो, खालचा पत्रा खरंच तसा असेल तर आधी ती बघा.

ढगाखालचा, शनिवार रात्री १०.५०
गेलो एकदाचा. चुंबक फ्रिजवरचा नेला (गणपतीचा आहे, म्हटलं शकुन).

एमजीबी: डाव्या सिलवर गणपती तीन ठिकाणी घसरला. जॅक लावला आणि दार अडकलं. विकणारा म्हणाला, 'ही दारं अशीच असतात.' नमस्कार केला. चहा मात्र घेतला, थंडी होती.

अल्फा: तासभर खाली होतो. फ्लोअर, सिल, चाकांच्या कमानी, सगळीकडे मूळचा पत्रा. गाडी गार असताना दुसरा गिअर घालताना करकरली, गरम झाल्यावर कमी. गुडघा स्टिअरिंगला लागतो. पण टप टाकून वळणांवरून गेलो आणि दहा मिनिटं गुडघा विसरलो.

टीआर६ बघितलीच नाही. फोनवर सीआरचं विचारलं तर त्यानं फोन ठेवला.

वेबर_दोन, शनिवार रात्री १०.५८
दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) या सगळ्यांचा तसाच असतो. गार असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर घाई करायची नाही, जमलं तर थेट तिसरा. पण हजारभर उतरवा त्या नावाखाली.

नटबोल्ट, शनिवार रात्री ११.१५
मी एमजीबीवाला, पण ती एमजीबी सोडलीत हे छान केलंत. सीटच्या रेल्स दोन इंच मागे सरकवता येतात का बघा. आणि इन्शुरन्स 'ॲग्रीड व्हॅल्यू'चाच (आधी ठरवलेल्या किमतीचा) घ्या, नाहीतर अपघातानंतर तुम्हाला ३५ वर्षं जुन्या गाडीचे भंगाराचे पैसे देतील.

ढगाखालचा, मंगळवार रात्री ९.३०
रविवारी कळवलंच नाही, हिंमत झाली नाही. आज अल्फावाल्याचाच फोन. दारातलं गिऱ्हाईक मागं फिरलं म्हणे, बारा हजारांत देतो. घेतली. शनिवारी आणतोय. ट्रेडमिल विकायचाय, डर्बीत कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काकडीची_कोशिंबीर, मंगळवार रात्री ९.३४
अभिनंदन. जानेवारीत माझदा लागली तर सांगा.

अप्पा_मिरज, मंगळवार रात्री १०.१०
अल्फाला गणपतीसाठी जागा आहे का मागे?

नवा_कोरा, बुधवार सकाळी ११.००
सुंदर धागा. मला साताऱ्यात जुनी जिप्सी घ्यायचीय, बजेट तीन. कोणती घेऊ? जरा अर्जंट आहे.

नटबोल्ट, बुधवार सकाळी ११.०६
तीन काय?