मळ्यातल्या घराला मुधोळ कुत्रं की गावठी?

मळ्यात राहायचं तर राखणीला मुधोळ जातीचंच कुत्रं घ्या, असं काही जण सुचवतात. जात देखणी, २००५ साली टपाल तिकिटावरही आली; पण ती मुळात नजरेनं सावज हेरून धावणारी. ससा दिसला की बांध ओलांडून गेलीच. शिवाय अंगावर केस आखूड, खानापूरकडच्या पावसात कुडकुडते. राखणीला आणि शेरडांमागं फिरायला मी गावठीच घेईन, तेही धनगराकडचं पिल्लू, आईचं वागणं बघून. आमची काळी कुत्री रात्री गोठ्याच्या दाराआत आडवी पडते. उसात रानडुक्कर शिरलं की तिच्या भुंकण्याचा सूरच बदलतो. ज्वारीची भाकरी, ताक, अधूनमधून अंडं, एवढ्यावर धडधाकट आहे. बिबट्या फिरतो तिथं मात्र कुत्रं रात्री बाहेर बांधू नका, आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्याच.