समुद्रात पोहणाऱ्यांची पाणीसंस्कृती आणि आपले नदी-तलाव: मुलांना नेमके काय शिकवावे?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

मी भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवते. ‘पाणी आणि आरोग्य’ या विषयावर पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून काही तास घ्यावेत असे ठरवले आहे. त्यासाठी वाचन करताना समुद्रात नित्य पोहणाऱ्या आणि लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या लोकांविषयी बरीच माहिती मिळाली. हवाई बेटांवर राजघराण्यापासून सामान्य घरांपर्यंत स्त्रिया आणि पुरुष दोघेही लाटांवर जात असत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची नापसंती आणि बाहेरून आलेल्या रोगांमुळे घटलेली लोकसंख्या यांमुळे ती परंपरा क्षीण झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिला पुन्हा बळ मिळाले. ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक जिंकले आणि पुढे सिडनीच्या किनाऱ्यावर सर्फिंगची, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होण्याची, प्रात्यक्षिकेही दाखवली.

या वाचनात एक विधान वारंवार आढळले. जो माणूस रोज पाण्यात उतरतो त्याचे शरीर आणि मन निरोगी राहते, आणि तोच माणूस त्या पाण्याचा राखणदारही होतो, असे ते विधान आहे. ते कितपत खरे आहे, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या मुलांना ते कितपत लागू पडते, हे मला जाणून घ्यायचे आहे. आमच्याकडे मुले डोहात किंवा विहिरीत एकमेकांचे पाहून पोहायला शिकतात, मुलींना तीही संधी मिळत नाही, आणि एखादे मूल बुडाले की पालक पाण्याकडे फिरकण्याचीच बंदी करतात. ज्या पाण्याची केवळ भीती वाटते, त्या पाण्याची काळजी मुले कशी घेतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मूळ गोंदिया, सध्या चेन्नई

मॅडम, ते विधान खरे आहे, पण त्यामागे संघर्ष आहे आणि तो मुलांना अवश्य सांगावा. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील सर्फिंग करणाऱ्यांना १९९० च्या आसपास कान, घसा आणि पोटाचे विकार सतत होत होते, कारण शहरांचे मैलापाणी फारशी प्रक्रिया न करता समुद्रात सोडले जात होते. त्यांनी १९९० मध्ये ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संघटना काढली आणि रबरी पोशाखावर वायुरोधक मुखवटे चढवून ते निदर्शनांना उतरले. युरोपात स्नानयोग्य पाण्याविषयीचा निर्देश १९७६ पासून कागदावर होता. त्याची अंमलबजावणी व्हावी यासाठी दबाव आणणाऱ्यांत ही मंडळी आघाडीवर होती. अमेरिकेत १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील मालिबू येथे स्थापन झालेल्या ‘सर्फरायडर फाउंडेशन’ने तर स्वयंसेवकांकडून किनाऱ्यावरील पाण्याचे नमुने नियमितपणे तपासून घेण्याची पद्धतच बसवली. या लोकांच्या प्रकृतीनेच पाण्यातील बिघाड सर्वांत आधी नोंदवला, आणि त्या नोंदीला त्यांनी सार्वजनिक प्रश्नाचे रूप दिले.

त्यांचे शरीर पाण्यातले किती काही आत घेते, याचा एक अभ्यास आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्फिंग करणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांच्या आतड्यांत प्रतिजैविकाला न जुमानणारे ई-कोलाय जीवाणू आढळले. सर्फिंग न करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. म्हणजे मोकळी हवा, व्यायाम आणि मनाची उभारी देणारा तोच समुद्र मैल्याच्या वाटेने रोगही देतो. पाण्याचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य वेगळे काढता येत नाही, हे मुलांना सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे (केरळचे प्रसिद्ध कोवलम निराळे). तेथील कोळ्यांची मुले सर्फिंगमध्ये तरबेज झाली आहेत. भरतीओहोटी, वारा आणि किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा प्रवाह ओळखण्याचे ज्ञान त्यांना घरातूनच मिळालेले असते, आणि बाहेरगावचे लोक ते शुल्क भरून त्यांच्याकडून शिकतात. वडिलांच्या ज्ञानाला नव्या पिढीत असा मान मिळताना पाहून मला फार समाधान वाटते.

उपकेंद्रातील परिचारिका

मॅडम, मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. वरील उत्तर मला पटले. तरी समुद्राचे उदाहरण आपल्या पाण्याला जसेच्या तसे लावू नये, अशी माझी विनंती आहे. समुद्राच्या पाण्यात मीठ असते, लाटा आणि भरतीओहोटी ते सतत हलवत असतात, आणि मैलापाणी तोडले की ते बऱ्यापैकी लवकर सुधारते. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावाचे पाणी आटते, गरम होते आणि साचून राहते. अशा कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर होणारा आजार दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला जखम असताना चिखलपाण्यात उतरणाऱ्याला त्याचा धोका अधिक असतो. म्हणून नाकात पाणी जाईल अशा उड्या उथळ आणि गरम पाण्यात मारू नयेत, आणि जखम असेल तर पाण्यात उतरू नये, एवढे दोन नियम तरी मुलांना पाठ असावेत.

मात्र आपल्या भागात पाण्यामुळे मुलांवर येणारे सर्वांत मोठे संकट बुडण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्यू पावले. त्यांपैकी दहांत नऊहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, आणि सुमारे एक चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालील बालकांचे होते. समुद्री पोहण्याच्या संस्कृतीतून आपण काही घ्यायचे असेल, तर मला सर्फिंगच्या फळीपेक्षा जीवरक्षकांची परंपरा अधिक मोलाची वाटते. सिडनीच्या बोंडाई किनाऱ्यावर १९०७ मध्ये पोहणाऱ्यांनीच जीवरक्षक मंडळ सुरू केले. पुढे ६ फेब्रुवारी १९३८ रोजी एकापाठोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोक आत ओढले गेले; त्या दिवशी पाच जण दगावले, पण बाकीच्यांना याच मंडळाच्या स्वयंसेवकांनी बाहेर काढले. जेथे पोहण्याची हौस होती तेथेच वाचवण्याची शिस्तही तयार झाली, ही गोष्ट आपण उचलली पाहिजे.

हे गरीब खेड्यांत जमणार नाही, असे कोणी म्हणेल. बांगलादेशात ते जमले आहे. ऑस्ट्रेलियातील रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटीच्या साहाय्याने तेथे गावतळ्यांत बांबूचा कठडा आणि तळ बांधून, म्हणजे पाण्यातच ठरावीक खोलीची सुरक्षित जागा तयार करून, गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी लहान मुलांना पोहणे आणि बचाव शिकवला. बांबू तर आपल्या पूर्व विदर्भात मुबलक आहे. मुलींसाठी शिक्षिका असावी, वेळ वेगळी ठेवावी आणि अंगभर कपड्यांतच पोहायला शिकवावे. मुलगी पाण्यात पडेल तेव्हा तिच्या अंगावर नेहमीचेच कपडे असणार, हे पालकांना समजावून सांगितले तर त्यांचा विरोध कमी होईल, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही गावोगावी होतात, आणि त्यांत मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबलेला असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि कोणीतरी १०८ ला दूरध्वनी करावा. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी दुसऱ्या मुलाने उडी मारू नये. काठावरून दोर, बांबू, ओढणी किंवा हवा भरलेली ट्यूब टाकावी. एकाला वाचवताना दुसरा जाण्याचे दुःख आमच्या भागातील घरांनी पाहिले आहे.

तलावाची पाळ

मी ढिवर समाजाचा आहे आणि आमच्या गावच्या मत्स्य सहकारी संस्थेचे काम पाहतो. वर जे लिहिले गेले त्यात एक बाजू राहून गेली आहे. कॉर्नवॉल किंवा कॅलिफोर्नियातील लोक हौसेने पाण्यात जातात. त्यांना अंगावर चट्टे आले तर वर्तमानपत्रे ऐकतात आणि न्यायालयेही ऐकतात. पोटासाठी छातीभर पाण्यात तासन्तास उभा राहणारा माणूसही तेच पाणी अंगावर घेतो, पण त्याच्या खाजेची, तापाची किंवा घटलेल्या मासळीची नोंद कोणी मैलापाण्याशी जोडून पाहत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. त्या जलाशयाच्या काठावरील मच्छीमारांइतका त्या पाण्याचा अनुभव कोणाला असेल? पाण्यात उतरणारा राखणदार होतो हे खरे, पण त्याचे म्हणणे ऐकले गेले तरच त्या राखणीला फळ येते. मॅडम, आपण मुलांना हे सांगावे, कारण आपल्या वर्गात आमची मुलेही बसत असतील.

सर्फिंगची संस्कृती स्वतः निर्मळ आहे असेही समजू नये. फळ्या बहुधा पॉलियुरेथेनच्या फेसापासून बनतात आणि त्यात विषारी रसायने वापरली जातात. उन्हापासून बचावासाठी अंगाला लावायच्या काही मलमांतील रसायनांनी प्रवाळांना अपाय होतो, म्हणून हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून निर्बंध आणले. लाटा चांगल्या असल्याची ख्याती झाली की किनाऱ्यावर हॉटेले उभी राहतात आणि होड्या ओढून ठेवायला जागा उरत नाही, हा अनुभवही अनेक देशांतील मच्छीमारांचा आहे.

उदाहरणच द्यायचे तर दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रियांचे द्यावे. या स्त्रिया श्वसनाचे कोणतेही उपकरण न घेता समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले आणि समुद्री वनस्पती गोळा करतात. कोणत्या हंगामात काय काढायचे आणि किती लहान शिंपला सोडून द्यायचा, हे त्यांची मंडळे ठरवतात. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या भंडारा-गोंदियातही असे काम झाले आहे. माजी मालगुजारी (म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली, देशी जलवनस्पती नाहीशा झाल्या आणि स्थानिक मासे विणीला जागा न मिळाल्याने कमी झाले, तेव्हा ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या; जेथे हे काम टिकले तेथे देशी मासे आणि पाणपक्षी परतले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान त्यांना जाळे टाकता टाकता मिळालेले होते. या स्त्रियांना आपल्या वर्गात बोलवावे. त्यांच्याइतके या विषयावर अधिकाराने बोलणारे आपल्या भागात दुसरे कोणी नाही, असे मी जबाबदारीने सांगतो.

वैनगंगाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. दादा, आपले म्हणणे मी पाठाच्या मध्यभागी ठेवणार आहे, आणि त्या भगिनींना बोलावण्यासाठी आपल्या संस्थेकडे रीतसर पत्र पाठवते. ताई, आणखी एक विचारते. जलजीवन मिशनच्या तपासणी संचातील जीवाणूंची बाटली आमच्या ग्रामपंचायतीत आहे. तलावात मुलांना उतरवण्यापूर्वी त्याच बाटलीने पाणी तपासले तर चालेल काय?

उपकेंद्रातील परिचारिका

मॅडम, ती बाटली पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पाणी काळे झाले की विष्ठेची बाधा असण्याची शक्यता आहे एवढेच ती सांगते. बाधा किती आहे ते सांगत नाही. गुरे जेथे पाणी पितात त्या तलावाचे पाणी त्या बाटलीत जवळजवळ नेहमी काळेच होईल, आणि मुले उगाच घाबरतील. स्नानासाठीचा निकष वेगळा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा मानली जाते. ही मोजणी प्रयोगशाळेतच होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी, निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्यावी, आणि नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. पहिल्या जोरदार पावसानंतर काठावरची सगळी घाण वाहून पाण्यात येते. त्या दिवसांत आलेला आकडा वर्षभरासाठी धरू नये आणि त्या दिवसांत मुलांना पाण्यात उतरवूही नये.

तलावाची पाळ

ताईंच्या म्हणण्यात माझी एक भर. पाणी निर्मळ निघाले तरी जागा आमच्या लोकांना विचारूनच निवडावी. गेल्या काही वर्षांत यंत्राने गाळ आणि मुरूम काढल्यामुळे अनेक तलावांचा तळ पूर्वीसारखा उतरता राहिलेला नाही. कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की डोके बुडेल असे खड्डे मध्येच आहेत. वैनगंगेच्या पात्रात वाळू उपशाने तीच स्थिती झाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की हे खड्डे उघडे दिसतात. तेव्हा आपण मुलांना घेऊन पाळीवर या. आम्ही खड्डे दाखवू, मुलांनी त्यांचा नकाशा काढावा, आणि पाणी चढण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्याभोवती उंच बांबू रोवून वर लाल फडके बांधण्याचे काम आमची संस्था करील.