दर बुधवारी एक तास, सगळ्या प्रकारची गाणी. पण गाणी एकमेकांत बसत नाहीयेत, काय करू?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, शंभर वॅटचं, म्हणजे मधे डोंगर आला नाही तर साधारण दहा-बारा किलोमीटर नीट ऐकू येतं. तिथे मला बुधवारी रात्री नऊ ते दहा असा तास मिळालाय. गाणी कुठलीही लाव म्हणालेत, पण ऐकणारा टिकला पाहिजे. मी लहानपणापासून जे मिळेल ते ऐकत आलोय, आजोबांच्या तबकड्या, वारीतले अभंग, कॉलेजात मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं आफ्रिकेतलं गिटार, आणि हे सगळं आपल्या माणसांना ऐकवायचं हे माझं किती वर्षांचं मनात होतं.

तीन भाग झालेत. तिसऱ्यात यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी लावली, आमच्याच गावच्या त्या, लोकांचे फोन आले, एक आजी तर बोलता बोलता रडल्या. आणि त्याच्यामागे मी लगेच आफ्रिकेतल्या माली देशातल्या अली फार्का तुरेचं गाणं लावलं. दोन मिनिटांत फोन, दादा हे काय मधेच, स्टेशन बदललं का? मला ते गाणं जिवापाड आवडतं हो. लोकांना नाही आवडलं याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त त्या गाण्याचं वाटलं, कारण ते नीट ऐकलंच गेलं नाही.

तर प्रश्न असा की अशी लांबलांबची गाणी एका तासात कशी बसवायची? की आपलं मराठी-हिंदी जुनं एवढंच ठेवू? सोमवारी रात्री बसून यादी करतो, दहा-अकरा गाणी होतात, त्यातली चार-पाच शेवटपर्यंत इकडून तिकडे हलवत बसतो.

---

जुनी_तबकडी

अरे गाणं चुकलं नाही तुझं, शेजार चुकला. मी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते. तिथे क्यू शीट, म्हणजे कशामागे काय वाजणार त्याची यादी, लिहिताना आमच्या सीनियर बाई एकच विचारायच्या, या गाण्याच्या शेवटी माणूस कुठे उभा आहे आणि पुढच्या गाण्याने त्याला कुठून हाक मारायची? बैठकीच्या लावणीत पेटी-तबला आहे, अदा आहे, माणूस त्या बैठकीत बसलेला असतो. तिथून त्याला एकदम मालीतल्या नायजर नदीवर नेऊन सोडलंस, मधे पायरी नाही.

पायरी तुझ्या घरातच आहे. तुणतुणं. एक तार. लावणीनंतर एखादा गोंधळ किंवा शाहीर साबळ्यांचं काही लाव, तेही तुमच्याच वाईजवळच्या पसरणीचे, त्यात तुणतुण्याची ती टिणटिण कानात बसते. मग एकतारीवरचं एखादं भजन. आणि मग तुझा अली फार्का, पण गिटारवाला नको, तो न्जार्का नावाचं एका तारेचं छोटं सारंगीसारखं वाद्य वाजवायचा, ते असलेलं रेकॉर्डिंग आधी लाव आणि गिटार त्याच्यानंतर. एका तारेवरून एका तारेवर माणूस आपोआप जातो, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि "आता ऐकूया जागतिक संगीत" असं चुकूनही म्हणू नकोस. अली फार्का स्वतःला शेतकरी म्हणवायचा. नियाफुंके नावाच्या नदीकाठच्या गावचा, शेती करायचा, २००४ मध्ये तिथला मेयर झाला, २००६ मध्ये गेला. तुझे निम्मे ऐकणारे उसाला पाणी देऊन आलेले असतील. त्यांना एवढंच सांग की हा नदीकाठचा शेतकरी आहे आणि आता गातोय. वीस सेकंद बोल. गाणं सुरू झाल्यावर त्याच्या सुरुवातीच्या सुरांवर बोलायचं नाही, ते सूर वाजवणाऱ्याचे आहेत. नाव आधी सांग आणि गाणं संपल्यावर परत सांग, कारण माणूस आधी ऐकतो आणि मग त्याला नाव हवं असतं.

---

दूधगाडी_पहाटे

वरच्या ताई शेवटी जे म्हणाल्या ना, त्याला माझ्याकडून दहा वेळा हो. मी रात्री गाडी धुताना रेडिओ लावतो. दोन वर्षांपूर्वी एक गाणं लागलं होतं, बाईचा आवाज, नुसती सारंगी, मी पाइप हातात धरून तसाच उभा राहिलो, पाणी वाहून गेलं, आणि गाणं संपल्यावर लगेच जाहिरात. नाव नाही, काही नाही. अजून शोधतोय. कृपा करून नाव सांगत जा, हळू सांगा, दोनदा सांगा.

आणि नवीन गाणी बंद करू नका. जुनं मोबाइलवर मिळतं आम्हाला. जे आम्हाला शोधता येत नाही ते तुम्ही लावा.

---

बार्देशची_पोर

मी मूळची गोव्यातल्या हळदोण्याची, सध्या पुण्यात. वाद्याचा धागा हे अगदी बरोबर, मी घरच्या पार्टीला याद्या करते त्या अशाच. माझा आवडता धागा ट्रम्पेट. चिक चॉकलेट म्हणजे आमच्या गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, मुंबईत हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांसोबत सिनेमासंगीतात काम करायचे. १९५१ च्या 'अलबेला'त ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतात. त्यातलं एखादं गाणं लावा, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्यानंतर गोव्याची गायिका लोर्ना हिचं कोंकणी गाणं, क्रिस पेरींची चाल, ते स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे. भाषा नाही कळली तरी ट्रम्पेट ओळखीचा झालेला असतो. आणि मग सरळ अमेरिकेतला जुना जॅझ. शेवटी गावातल्या लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण वरातीतला ट्रम्पेट आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेला असतो पण त्याला गाण्यांच्या यादीत कुणी घेत नाही, आणि मला ते फार लागतं.

पेटीवरही एक पूर्ण तास होईल. युरोपातून आलेलं वाद्य, आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं त्याला दाराबाहेर ठेवलं, आणि तेवढ्या काळात आपल्या भजनी मंडळात, नाटकात, लावणीच्या बैठकीत ते किती मुरलं!

---

फेडर_हळू

दोन कामाच्या गोष्टी, फार लांबवत नाही.

आवाजाची लेव्हल. तबकडीवरून उतरवलेलं गाणं दबकं असतं आणि आजचं गाणं ठासून भरलेलं, त्यामुळे लोक दचकतात आणि त्यांना वाटतं गाणंच वाईट आहे. तुमच्या मालीच्या गाण्याचं थोडं असंही झालं असेल. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे आवाज सारखा करायची सोय आहे, मूळ फाइल बाजूला ठेवून सगळ्या गाण्यांच्या कॉपी एका आकड्यावर आणा. मग हेडफोन काढून साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण ऐकणारा तसाच ऐकतो.

दुसरं हक्कांचं. स्टेशनकडे कुठली लायसन्स आहेत ते लेखी विचारा. आजोबांच्या तबकड्या जुन्या म्हणून मोकळ्या असं धरून चालू नका. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, पण शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो लिहिणारा-बांधणारा गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी आणि गाणं बांधलेलं असं होऊ शकतं. आणि भाग नंतर नेटवर टाकणार असाल तर तेही वेगळं विचारा, प्रसारणाची परवानगी तिथे आपोआप चालत नाही.

---

कृष्णाकाठ_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताईंचे. कालचा चौथा भाग तुणतुण्यावर केला. लावणी, मग गोंधळ, मग आमच्या आळीतल्या भजनी मंडळातल्या बाबांची एकतारी, ती मी रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून फोनवर रेकॉर्ड केली, मागे कोंबडा ओरडतोय तो तसाच ठेवला. मग न्जार्का. मग गिटार. लेव्हल सगळ्यांची एक केली होती. बोललो एवढंच की हा नियाफुंके गावचा शेतकरी, त्याचंही गाव आपल्यासारखं नदीकाठी.

फोन तीन आले. दोन बाबांच्या एकतारीसाठी. तिसरा बाबांचाच होता. म्हणाले, तो एका तारेवरचा माणूस कोण, तार आपल्यापेक्षा ढिली लावलीय त्याने, परत लाव पुढच्या बुधवारी. मी लावणार आहे, आणि बाबांना स्टुडिओत बोलावलंय, ते स्वतःची तार तशी लावून बघणार आहेत.

@दूधगाडी_पहाटे, त्या बाईच्या आवाजाचं अजून काही आठवतं का? ठुमरी होती की गझल, शब्द एखादा, साधारण कुठल्या वेळी लागलं होतं? इथे लिहा, माझ्याकडे सारंगीची बरीच गाणी आहेत. थोडीथोडी करून ऐकवतो, त्यात निघालं तर बघू.

@बार्देशची_पोर, ट्रम्पेटचा भाग सहावा धरलाय. आमच्या इथल्या बँडवाल्यांशी बोललोय, लग्नसराई संपली की देतो म्हणालेत.