परसात जागा एकच, अळू लावू की बिमला?

न्हाणीमागे

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासाच आहे पण त्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस धुसफूस चाललीय म्हणून इथे विचारते. गेल्या मे महिन्यात मुंबईचा गाशा गुंडाळून आम्ही कायमचे गावी आलो, वेंगुर्ल्याच्या अलीकडे. घरामागे न्हाणीच्या भिंतीला लागून बारा फूट बाय आठ फूट जागा आहे, बाकी सगळं कातळ. ह्या तुकड्यात हातभर माती आहे, ती पण सासऱ्यांनी कधीकाळी घमेल्याने आणून टाकलेली. सकाळी दहापर्यंत घराची सावली, मग चारपर्यंत कडक ऊन, नंतर शेजारच्यांच्या फणसाची सावली. न्हाणीचं पाणी तिथेच उतरतं.

सासूबाई म्हणतात अळू लाव. गणपतीत बाजारात अळूच्या जुडीला वाट्टेल तो भाव सांगतात आणि ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, मग परसातलं नको का? नवऱ्याला बिमला हवाय, म्हणजे ते आंबट फळांचं झाड, बिलिंबी. त्याच्या आजोळी विहिरीवर झाड होतं, खोडाला लगडलेले बिमले मीठ लावून खायचे आणि मग दात आंबायचे, हे पुराण मी अठरा वर्षं ऐकतेय. मला स्वतःला दोन्हीचं काही नाही, मला फक्त पाणी कोण घालणार हे ठरायला हवं, आणि ते मीच घालणार हे उघड आहे. विहीर एप्रिल अर्ध्यावर आला की तळ दाखवते. ज्यांनी दोन्ही लावलंय त्यांनी खरंखुरं सांगा, यूट्यूबवाले सगळं सोपंच दाखवतात.

कातळफोड्या

ताई, आधी पाण्याचं बोलू कारण खरी गोम तीच आहे. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी मे महिन्यात कळशी घेऊन उभं राहायला लागतं. अळूला बारा महिने ओल लागते पण तुमच्याकडे न्हाणीचं पाणी फुकट आहे, म्हणजे अळूला तुम्ही वेगळं पाणी घालणारच नाही. बिमल्याला पहिले दोन उन्हाळे सांभाळावं लागतं, आठवड्यातून दोनदा बादलीभर आणि बुंध्याशी पालापाचोळा, त्यानंतर तो तुमच्याकडे बघत पण नाही. म्हणजे अळूला न्हाणी पुरते आणि झाडाला दोन वर्षं माणूस लागतं, असा हिशोब.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. मी बिमल्यासाठी जांभ्यात खड्डा मारला, तीन फूट बाय तीन फूट, दोन गडी, एक दिवस, पहारीचं टोक बोथट झालं. शेणखत, माती, सुका पाला सगळं रीतसर भरलं आणि जूनच्या पहिल्या पावसाला रोप लावलं. जुलैत पानं पिवळी. मला वाटलं वाळवी. उकरून बघतो तर आत पाणी तुंबलेलं, कारण चारी बाजूनी अखंड कातळ, खड्डा कसला ती दगडाची डोणीच झाली होती. रोप अक्षरशः बुडून मेलं. दुसऱ्या वर्षी उताराच्या बाजूने खड्ड्याची कड फोडून पाण्याला वाट काढली आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीच्या ढिगावर लावलं. ते जगलं, चौथ्या वर्षी बिमले धरले. खड्डा मारलात की लावण्याआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर आधी वाट काढा.

आवाठातलो

माजा आयकशात तर बिमलो लावा पण न्हाणीच्या भितीक लागान नको. आमच्या आवाठात (वाडीत) येक झाड आसा, त्याका लागतत ते इतके लागतत की खातलो कोण? शेजाऱ्यांका वाटून वाटून आमी कंटाळलव. खाली पडतत, सडतत, चिलटा उठतत, आनी सडलेल्या बिमल्यार पाय पडलो की मानूस थेट उताणो. आमची म्हातारी तशीच पडली आनी म्हयनोभर खाटेर होती.

बाकी झाड गुणाचा. बांगड्याच्या तिखल्यात कोकम नसला तर चार बिमले चिरून टाकूचे. जास्त झाले तर उभे दोन फाळे करून मीठ लावून उनात सुकवूचे, सोलां करतव तशे, पावसात सुंगटाच्या कालवणाक होतत. आनी गणपतीआधी समयो नि निरांजना बिमल्यान घासूची, बाजारातली पावडर झक मारता.

जांभळा_देठ

अळूच्या बाजूने कोणीच बोलेना म्हणून लिहायला बसले. मी अलिबागकडची, आमच्याकडे न्हाणीमागे अळू नसेल तर त्या घराला घर म्हणत नाहीत. ताई तुमची जागा ऐकून मला तर सासूबाईंचंच पटलं, अर्धी सावली आणि सतत ओल म्हणजे अळूची चैन. मेच्या शेवटी किंवा पहिला पाऊस पडला की अळकुड्या (अळूचे कंद) लावायच्या, हात-दीड हात अंतर ठेवून, गणपतीपर्यंत पानं काढायला येतात. एकदा लावलं की पिल्लं फुटत राहतात, पाच वर्षांनी तुम्हीच म्हणाल आता पुरे.

पण लावताना एक बघा, कोणतं अळू आणताय. जांभळ्या-काळ्या देठाचं ते वडीचं, पान जाड असतं आणि वडी सुटत नाही. हिरव्या-पांढुरक्या देठाचं भाजीचं, ते शिजून मऊसूत होतं. मी पहिल्या वर्षी शेजारणीने दिल्या त्या अळकुड्या न विचारता लावल्या, आणि श्रावणात पातळ भाजी केली तर सगळ्यांचे घसे खवखवायला लागले. पाहुणे होते जेवायला, कोणी काही बोलेना, सगळे आपले ताकावर ताक पितायत. नंतर कळलं ते रानटी तेरं होतं, आणि मी चिंच पण हात राखून घातलेली. अळूला आंबट लागतंच, चिंच घाला, आमसूल घाला, आंबाडे घाला, आणि आता गंमत बघा, बिमले पण चालतात. आम्ही आठळ्या आणि शेंगदाणे घालून अळूचं फतफतं करतो त्यात चार बिमले चिरून टाकतो, चिंचेसारखा काळपट रंग येत नाही. तेव्हा तुमच्या नवऱ्याचं आणि सासूबाईंचं भांडण कढईत मिटण्यासारखं आहे 😄

त्रास म्हणाल तर जोराच्या पावसात पानांवर तपकिरी गोल डाग पडून ते पसरतात आणि पानं गळतात. डागाचं पान दिसलं की लगेच कापून लांब टाकायचं, तिथेच खाली टाकलं तर सगळा वाफा जातो. हिरव्या अळ्या पण येतात, त्या सकाळी पान उलटं करून हाताने काढायच्या. खायचं पान आहे, त्यावर फवारणी करायला जीव होत नाही.

औषधवाला

खाण्याचा विषय निघाला म्हणून मध्येच घुसतो. घरात कोणाला मुतखडा आहे का? अळूत पण ऑक्झलेट आणि बिमल्यात पण ऑक्झलेट, अळूची खवखव येते ती ह्याच ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक खड्यांनी. कालवणात दोन-चार बिमले पडले तर निरोगी माणसाला काही होत नाही, पिढ्यानपिढ्या खातोय आपण. पण बिमल्याचा रस काढून पिणं हा प्रकार आजकाल व्हॉट्सअपवर फिरतो, कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून. ते अजिबात करू नका. केरळात असा घट्ट रस प्यायलेल्या दहा जणांच्या किडन्या बिघडल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलंय, त्यातल्या सात जणांना डायलिसिस करावं लागलं. त्या आधी मी पण गिऱ्हाइकांना "नैसर्गिक आहे, घ्या" असं बिनधास्त सांगायचो, खोटं कशाला बोलू.

न्हाणीमागे

बापरे. सासऱ्यांचा मुतखडा दोन वर्षांपूर्वी काढलाय. म्हणजे त्यांना दोन्ही बंद?

औषधवाला

बंद की कमी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी इथून सांगणार नाही. झाड लावायला काही हरकत नाही, रस तेवढा कोणी पिऊ नये.

शेगलाची_भाजी

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, शेवगा लावा!! पाला पण खा, शेंगा पण खा, भाजी आणि झाड एकातच. गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, अजून काय हवं. पाणी तर जवळजवळ लागतच नाही. फांदी खोचली की झाड.

कातळफोड्या

शेवगा न्हाणीच्या ओलीत? मुळं कुजतील की हो. आणि जून-जुलैच्या वाऱ्यात शेवग्याची फांदी काडीसारखी मोडते, थेट कौलांवर. घराजवळ शेवगा लावू नये असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही, भुतं गेली खड्ड्यात, कौलं बदलायचा खर्च बघा.

शेगलाची_भाजी

बरं बाबा, राहिलं.

रोपवाटिकेत_फसलेली

बिमला घेणार असाल तर रोप बघून घ्या हो. मी एका नर्सरीतून बिमला म्हणून रोप आणलं, पाच वर्षं वाढवलं, आणि फळं आली ती पाच धारांची, कापली की चांदणी. करमल (स्टारफ्रूट) निघालं! त्याच कुळातलं आहे म्हणून फसायला होतं. नर्सरीवाला म्हणतो दोन्ही आंबटच की ताई. ओळखायची खूण अशी की बिमल्याच्या एकेका दांडीवर वीस-तीस लहान लांबट पानं असतात आणि सगळी शेंड्याकडे झुबक्याने येतात, करमलाच्या दांडीवर जेमतेम दहा आणि तुलनेने रुंद. त्यापेक्षा सरळ ज्याच्या झाडाचे बिमले तुम्ही खाल्लेत त्याच्याकडूनच बी किंवा रोप घ्या. आमच्याकडे माकडं चिकू, पपया, पेरू काहीच ठेवत नाहीत, पण बिमल्याच्या वाटेला अजून गेलेली नाहीत. शेजारी म्हणतात त्यांचे पण दात आंबतात.

आणि हो, अळू लावलंत तरी दुपारचं ऊन पडतं त्या कडेला हिवाळ्यात दोन हात जागा लाल माठाला ठेवा. बी रेतीत मिसळून फेका, नाहीतर एका जागी झुपका येतो. दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण दुरंगी मिळाला तर तो घ्या. महिन्याभरात भाजी ताटात येते, तेवढी वाट बिमल्याच्या बाबतीत बघणं म्हणजे, जाऊ दे.

न्हाणीमागे

सगळ्यांना धन्यवाद, आज जेवताना हा सगळा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. उताणी पडलेली म्हातारी ऐकून सासूबाई जिंकल्यासारख्या हसल्या आणि कढईतल्या बिमल्याचं ऐकून नवरा. न्हाणीमागे अळू, हे ठरलं. बिमला मागच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कोपऱ्यात, घरापासून पंचवीस पावलांवर. तिथे कातळच आहे त्यामुळे खड्डा नवरा मारणार, मी नाही, आणि दोन उन्हाळे बादली पण तोच नेणार. हे त्याच्याकडून सासूबाईंसमोर वदवून घेतलंय. काल संध्याकाळी पहार घेऊन गेला होता, अर्ध्या तासात हाताला फोड घेऊन परत आला. खड्डा सध्या वीतभर आहे. पाणी ओतून बघायची वेळ अजून आलेली नाही.

आवाठातलो काका, तुमचं गाव आमच्यापासून लांब नसावं. रोप मिळेल का?

आवाठातलो

मिळात मगो. झाडाखाली पडलेल्या बियांची ढीगभर रोपां उगावलेली आसत, पावसात येवा आनी व्हयी तितकी काढून न्हेवा. येताना मोठी पिशवी हाडा, रोपाबरोबर दोन किलो बिमले न्हेल्याशिवाय कोणाक सोडनय नाय.