स्वयंसेवी संस्थेतली नोकरी : पगाराला ‘मानधन’ का म्हणायचं?

रानवाट
एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन नऊ वर्षं झाली, चार संस्था झाल्या. एकही मी सोडली नाही, दर वेळी प्रकल्पच संपला. महिन्याला अठरा हजार, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, आणि व्हाउचरवर छापलेलं ‘मानधन’. मागे स्कूटीच्या कर्जासाठी बँकेत गेले. पगारपत्रक मागितलं, तर मी व्हाउचरच्या झेरॉक्स पुढे ठेवल्या. साहेबांनी दोन पानं उलटली आणि गठ्ठा अलगद परत सरकवला.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तेव्हा वाटलं होतं, आता आपल्या क्षेत्रात स्थिर नोकऱ्या येतील. आला तो अकरा महिन्यांचा करार. गावात तीन वर्षांचं काम बोलून यायचं आणि मार्च आला की आपलंच काही खरं नसतं. माझं म्हणणं एवढंच : आम्ही कर्मचारी आहोत, तसं कागदावर लिहा.

विश्वस्तकाका
ताई, राग समजतो. पण आमची संस्था पत्र्याच्या खोलीत सुरू झाली, पहिली सहा वर्षं कुणी छदाम घेतला नाही. कार्यकर्ता आणि नोकर यात फरक आहे की नाही? शिवाय परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. एका संस्थेने दुसरीला ती रक्कम देणंही बंद झालं. लहान संस्थांनी पगार आणायचे कुठून?

जमाखर्च
काका, अर्धंच सांगताय. संस्थांचे हिशेब लिहिणं हाच माझा धंदा. त्या २० टक्क्यांत कार्यालय आणि व्यवस्थापन येतं. संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार नियमांनीच त्यातून वगळलाय. फील्डवरच्या मुलीचे पैसे कापताना हे कारण चालणार नाही. देणगी पुन्हा वाटता येत नाही, त्याने मात्र खेड्यातल्या संस्था खरंच मेल्या, ते मान्य.

आणि ‘मानधन’ म्हटलं की जबाबदारी संपली असंही नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा) हक्क दिला, तेव्हा मानधन हेच वेतन धरलं.

चंद्रभागातीर
सगळे एनजीओवरच का घसरलात? देवस्थानांतही माणसं राबतात. पंढरपूरला २०१४ च्या सुरुवातीला बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात संपला आणि मंदिर समितीने पुजारी नेमायला अर्ज मागवले, बायकांकडून आणि ब्राह्मणेतरांकडूनही. पिढीजात हक्काची झाली नोकरी! मला हा बदल मोठा वाटतो. पण दर्शनरांग सांभाळणारा, झाडू मारणारा बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचाच असतो. दानपेटी मोजायला यंत्रं आणि रांगेतल्या पोराला कंत्राट.

विश्वस्तकाका
देवस्थानाकडे दानपेटी आहे हो, आमच्याकडे काय आहे? सगळं कागदावर आणलं तर मी दोन माणसं कमी करीन. मग त्यातली एक तुम्हीच असाल, ताई.

रानवाट
ही धमकी आहे की अंदाजपत्रक? काका, प्रस्तावात मनुष्यबळाची रक्कम कमी दाखवून प्रकल्प मिळवायचा आणि उरलेला भार ‘सेवाभाव’ म्हणून आमच्यावर टाकायचा, हे मी चारही ठिकाणी पाहिलंय. देणगीदाराशी घासाघीस कधी केलीत? नव्या कामगार संहितेत मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळते म्हणतात. आमचा करार अकरा महिन्यांचा. एक महिना कुणाच्या खिशात गेला?

जमाखर्च
काका, एकूण माणसं किती तुमच्याकडे? वीस असली तर पीएफ सक्तीचा. त्याखाली असाल तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. पण दहा झाली की ग्रॅच्युइटी लागू.

विश्वस्तकाका
अकरा. त्यातले दोघे अर्धवेळ आहेत, सकाळची बालवाडी घेतात. त्यांनाही मोजायचं?

जमाखर्च
मोजायचं.